न मागितलेली जागा

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

मी डायरी लिहिणाऱ्यांतली नाही. शाळेत बत्तीस वर्षे लॉगबुक लिहिले, तेवढे पुरे होते. आता लिहावे लागते आहे त्याचे कारण एकच. 'सोबत'च्या नियमाप्रमाणे भेटीत ऐकलेले कोणालाही सांगायचे नाही, आणि आज पहिल्याच भेटीत ऐकलेले एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मिस्टरांना जाऊन नऊ वर्षे झाली, घरात ऐकणारे कोणी नाही. म्हणून ही वही. ती कपाटात कुलपाआड राहील.

'सोबत' हे आमच्या चर्चचे नवे काम. संकटात सापडलेल्या एका माणसाला एक सोबती द्यायचा. बाईला बाई, पुरुषाला पुरुष. आठवड्यातून एक तास जायचे आणि ऐकायचे. सल्ला द्यायचा नाही, डबा न्यायचा नाही. समोरच्याला हवी असेल तरच प्रार्थना करायची. "दुरुस्ती देव करील, आपण नुसते जवळ बसायचे," असे आमचे पाळक स्वप्निल सर शिकवतात. ते चौतीस वर्षांचे, मी सदुसष्ट. पन्नास तासांचे प्रशिक्षण मी एकही दिवस न बुडवता केले. रविवारी सर्व मंडळीसमोर आम्हा सहा जणांवर हात ठेवून प्रार्थना झाली.

मला शांतीबाई मिळाल्या. वय अठ्ठावन्न, रेल्वे लाइनपलीकडे दोन खोल्या. नवरा उमरावभाऊ राइस मिलमध्ये फिटर होते. पोटाचा कॅन्सर. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितले. ते मूळचे अर्जुनीकडच्या गावचे, कोहळी, म्हणजे तलाव बांधणाऱ्यांच्या घरातले. त्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही. तरी एकतीस वर्षे दर रविवारी ते बायकोबरोबर येऊन मागच्या बाकावर बसले. तो बाकही त्यांनीच दोनदा ठोकून दिला आहे.

आत गेले तर खाटेवरून म्हणाले, "शांते, उठवून बसव मले. मॅडम आल्या. नाईतर हात समोर कर म्हनतीन."

ते झोपल्यावर शांतीबाई स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "कधी कधी वाटते मॅडम, लवकर सुटावं यायनं. मंग मीच आपल्या थोबाडीत मारून घेते."

बायबलमधले वचन माझ्या जिभेवर आले होते. गिळले. तासभर बसले. फक्त औषधांच्या बाटल्या सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा क्रमाने लावून दिल्या. त्याला सल्ला म्हणता येणार नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

उमरावभाऊ आज बोलत होते. गावचा तलाव त्यांच्या पणजोबांच्या वेळचा. "उन्हाळी धानाले पानी सोडलं असन आता. तुडुम उघडला का असा आवाज येते मॅडम, मालगाडी पुलावरून गेल्यावानी." तुडुम म्हणजे तलावाचे पाणी शेतात सोडायचे दार. मी म्हटले, आता त्याचा विचार करू नका, आराम करा. त्यांनी डोळे मिटले.

चहा ठेवताना शांतीबाईंनी पाठ न वळवताच विचारले, "मॅडम, तुमी कब्रस्तान कमिटीत आहा ना? ज्याचा बाप्तिस्मा नाई त्याले तिथं जागा नाई भेटत ना?"

"नाही. नियम आहे."

"पक्का नियम?"

"पक्का."

"कोनी किती जवळचा असला तरी?"

"कोणीही असला तरी."

"हं," म्हणाल्या, आणि एवढा लांब श्वास सोडला की चुलीपाशी उभ्या असून मला ऐकू आला. मग त्यांनी स्वतःसाठीही चहा गाळला. मागच्या खेपेला फक्त मला दिला होता.

तो श्वास मला ऐकवला नाही. एकतीस वर्षे चर्चमध्ये येऊन बाक ठोकून देणाऱ्या माणसाला शांतीबाईंच्या वडिलांशेजारी साडेतीन हात जमीन मिळू नये, आणि या बाईने ते असे मुकाट्याने गिळावे! नियम मीच लिहिलेला आहे, २०१७ साली. लिहिलेला नियम बदलता येतो.

शुक्रवार, १७ जानेवारी

कमिटीच्या तिघांना फोन केले. रविवारी उपासनेनंतर बैठक.

रविवार, १९ जानेवारी

अध्यक्ष रामलालजी आधी अडले. "रीता बहन, बिना बपतिस्मा के आज तक किसी को जगह दी है क्या? आप ही का नियम है." मी म्हटले, हो, माझाच आहे, म्हणून मीच आणते आहे. वीस मिनिटांत ठरले. भाऊंनी अंथरुणावर बाप्तिस्मा घेतला तर शांतीबाईंच्या वडिलांशेजारची जागा द्यायची. चार थेंब पाणी पुरे.

यात गुप्ततेचा भंग झाला का? मी आजाराविषयी एक अक्षर काढले नाही, तो सगळ्यांना ठाऊकच आहे. जागेविषयी बोलले. आनंदाची बातमी पोचवायला गुरुवारपर्यंत थांबणे जड जाणार आहे.

रायपूरहून दीप्तीचा फोन. तिने नवे घर घेतले आहे. स्वयंपाकघर पश्चिमेला म्हणाली, तेव्हा उन्हाळ्यात काय हाल होतील ते मी सांगितले. म्हणाली, "आई, तू ऐकत नाहीस, तपासतेस." कामाचा ताण असेल तिला.

गुरुवार, २३ जानेवारी

सांगितले. शांतीबाई भांडे घासत होत्या. हात थांबला.

"देतात म्हनता?"

"देतात. तुमच्या वडिलांच्या शेजारीच. फक्त बाप्तिस्मा व्हायला हवा."

मग तेच भांडे पुन्हा घासायला घेतले. डोळे भरले होते. कृतज्ञता अशीही असते. शाळेत फी माफ झालेल्या मुलांच्या आया अशाच गप्प उभ्या राहत. चहा करायचे विसरल्या. मी आठवण केली नाही.

शनिवार, २५ जानेवारी

सोबत्यांची पंधरवड्याची बैठक. इथे आपल्या माणसाची गोष्ट सांगायची नसते, आपण कसे वागलो ते सांगायचे असते. मी सांगितले की माझ्या माणसाची एक मोठी अडचण दूर झाली.

स्वप्निल सरांनी विचारले, "त्यांनी ती दूर करायला सांगितली होती?"

"प्रत्येक गोष्ट सांगावी लागत नाही."

बैठकीनंतर त्यांनी मला थांबवले. काल ते स्वतः पाळक म्हणून उमरावभाऊंकडे जाऊन आले होते. बाप्तिस्म्याची इच्छा आहे का म्हणून विचारले. भाऊ म्हणाले, "शांती म्हनन ते." शांतीबाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "मॅडमनं एवढं केलं आहे." २ फेब्रुवारीचा रविवार ठरला आहे, पण पाणी ओतण्याआधी मी पुन्हा विचारणार, असे सर म्हणाले. तरुण माणूस आहे. मरणाला अशी पुन्हा पुन्हा विचारणा परवडत नाही, हे त्याला अजून कळायचे आहे.

गुरुवार, ३० जानेवारी

भाऊ खूप उतरले आहेत. डोळे मिटून होते. मी नवी पांढरी चादर आणि स्टीलचा नवा कटोरा नेला होता, रविवारसाठी. नियमात बसत नाही, पण चादर म्हणजे डबा नव्हे.

शांतीबाईंनी चादर उलगडून पाहिली, परत घडी घातली, पिशवीत ठेवली आणि पिशवी माझ्या पायाशी आणून ठेवली.

"तुमाले कोनं सांगतलं होतं, मॅडम?"

मी म्हटले, तुम्हीच विचारले होते.

"मी इचारलं होतं नियम पक्का हाये का. पक्का हाये म्हटलं तुमी. मले वाटलं, सुटली. चर्चच नाई म्हनते, त मी का करू, असं लोकायले सांगता येईन. अन् तुमी त नियमच मोडून आनला!"

मला काही समजेना. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या, आवाज हळू, भाऊंना जाग येऊ नये म्हणून.

"कोर्टात लग्नाची सही कराच्या दिवशी यायनं मले एकच मांगतलं. म्हने, 'शांते, मी तुया घरी राहीन, तुया देवाच्या घरी येऊन बसीन, घरचे काढतीन तरी चालन. पन मेल्यावर मले तलावाच्या पाळीखालच्या मसनात नेजो, आबा-आजा आहेत तिथं.' मी हाव म्हटलं. सत्तावीस वर्षांची होती. मरन कोनाले दिसते तेव्हा? याचा भाऊ, शालीकराम, त्यानं तेव्हाच सांगून ठेवलं, तिथलं पानी डोक्यावर घेतलं त पाळीखाली जागा नाई. म्हनून यायनं एकतीस वर्षं नाई घेतलं. देवाले नाई म्हनाले नाईत हे. पाळीसाठी थांबले."

"मग मला का नाही सांगितले?"

"चर्चमधी का सांगू? शांतीनं नवरा आयुष्यभर मागच्या बाकावर बसवला अन् शेवटी जाळाले देला? माया बापाच्या कबरीपुढून मी कशी जाऊ?"

"निदान त्या दिवशी नाही म्हणायचे होते."

"तुमाले?" त्या हसल्या. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. "तुमाले कोनं नाई म्हटलं आहे आजपर्यंत? मले का पायजे ते इचारलं काऊन नाई तुमी?"

तास व्हायला बावीस मिनिटे होती. निघून आले. पिशवी तिथेच राहिली, मग परत जाऊन घेतली.

शुक्रवार, ३१ जानेवारी

संताप उतरलेला नाही. तिच्यासाठी शब्द टाकला, माझा नियम माझ्या हाताने मोडला, आणि वर हे.

आणि मूळ प्रश्न राहतोच. माझा विश्वास मी दाराबाहेर चपलांजवळ ठेवून आत जायचे काय? एक माणूस दारापर्यंत आला आहे, एक पाऊल बाकी आहे, आणि मी मांडीवर हात ठेवून तलावाच्या गोष्टी ऐकायच्या? मला त्याच्या आत्म्याची काळजी आहे. ती खोटी नाही.

दुपारी.

ती खोटी नाही, पण एक गोष्ट आत्ता भांडी आवरताना लक्षात आली. या तीन आठवड्यांत मी कमिटीला सहा फोन केले. उमरावभाऊंसाठी गुडघे टेकून प्रार्थना एकदाही केली नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

सकाळी आठला स्वप्निल सरांकडे गेले. शांतीबाई काय म्हणाल्या ते सांगितले नाही. मी काय केले ते सांगितले. मी न विचारता जागा मागितली, उद्याचा कार्यक्रम थांबवा.

त्यांनी लगेच होकार दिला. मग विचारले, "मॅडम, तुम्हाला भीती कशाची वाटते?"

म्हटले, तो माणूस तसाच गेला तर त्याचे काय होईल याची.

"मलाही वाटते," ते म्हणाले. मी त्यांच्याकडून काहीतरी पाठ केलेले ऐकायच्या तयारीत होते. "पण तो निकाल आपण लावायचा नाही. पेपर आपल्याकडे तपासायला आलेलाच नाही."

प्रार्थना करू का म्हणून त्यांनी मला विचारले. करा म्हटले. मी सोबती झाल्यापासून मला हे पहिल्यांदाच कोणी विचारले.

रविवार, २ फेब्रुवारी

कमिटीसमोर उभी राहिले. जागेची विनंती मागे घेते म्हटले. रामलालजींनी कारण विचारले. कारण सांगण्याचा अधिकार मला नाही, असे उत्तर दिले.

"पहले नियम तुड़वाया, अब वापस? आप हेडमास्टरनी रही होंगी बहनजी, हम कोई आपके बच्चे नहीं."

"मी कोणाला न विचारता तुमच्याकडे आले. चूक माझी आहे. लिहून घ्या."

"उनकी घरवाली ने मना किया क्या?"

"घरवालीने माझ्याकडे काहीच मागितले नव्हते. हे पण लिहून घ्या."

लिहून घेतले. खाली मी सही केली. बाहेर चपला घालताना मागे कोणीतरी म्हणाले, उमर हो गई है. असेल.

सोमवार, ३ फेब्रुवारी

शांतीबाईंचा फोन आला. "मॅडम, येता का? गुरुवार नाई आज, ठाऊक आहे मले." गेले.

मी आधी माफी मागितली. दोन वाक्यांत. जास्त बोलले असते तर ते माझ्याचविषयी झाले असते. रविवारी काय झाले ते त्यांच्या कानावर आले होते. म्हणाल्या, "तुमी मायं नाव नाई घेतलं म्हनते." मग म्हणाल्या, "बसा." आणि मग, "याच्या भावाले फोन करते म्हनते मी. एकटीनं बटन दाबनं होऊन नाई राहिलं."

दोघे भाऊ वर्षातून एकदा, दिवाळीला, फोनवर बोलतात. शांतीबाई आणि दीर एकतीस वर्षांत एक शब्द बोललेले नाहीत. मी बोलू का, असे माझ्या तोंडाशी आले होते. हात मांडीवर ठेवले आणि तोंड बंद ठेवले. फोन स्पीकरवर होता.

"कोन बोलून राहिलं?"

"मी शांती."

मग बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली, म्हणजे फोन चालू होता.

"हाव. सांग."

"यायचं काही खरं नाई आता."

"जेवते का तो?"

"दोन चमचे पेज. तेबी पडते."

"पानी घेतलं का त्यानं? तुमच्यातलं?"

शांतीबाईंनी माझ्याकडे पाहिले. एखादी मुलगी फळ्यासमोर उभी राहून पाहते तसे. मी मान हलवली नाही, खुणावले नाही. काही केले नाही.

"नाई घेतलं. मी सांगतलं असतं त घेतलं असतं. नाई सांगतलं मी."

पलीकडे कोणीतरी नाक शिंकरले. "उद्याच्या बसनं येतो," तो आवाज म्हणाला. "अन् शांती, रडून नको राहू. त्याले रडनं नाई आवडत. लहानपनीबी नाई आवडे."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

शालीकरामजी आले आहेत. बहात्तर वर्षांचे, धोतर, कानात बारीक बाळी. परवा आले तेव्हा तासभर पायरीवरच बसले होते, पाणीसुद्धा घेतले नाही, असे शांतीबाईंनी सांगितले. मग आतून भाऊंनी आवाज दिला, "दादा, ये ना बापा, उंबरठा बाटत नाई, सागाचा हाये." तेव्हा आत गेले.

तलावातली छोटी मासोळी वाळवून आणली आहे. "आता ते काही खात नाहीत," मी म्हटले. न राहवून.

"खात नाई त वास घेईन," ते म्हणाले. तव्यावर भाजली. भाऊंनी डोळे उघडले. "चुकली," म्हणाले, "जळून राहिली, शांते." शालीकरामजी आणि शांतीबाई दोघेही हसले. शांतीबाईंना मनापासून हसताना मी आज पहिल्यांदा पाहिले.

मी एक तास बसले. घड्याळ पाहिले नाही, बाहेर आल्यावर कळले की दीड तास झाला होता. निघताना भाऊंनी मला खुणेने जवळ बोलावले. "मॅडम, आज काई शिकवलं नाई तुमी." मी म्हटले, सुट्टी आहे.

प्रार्थना करू का, असे विचारले. हाव म्हणाले. मी मोठ्याने केली, साध्या शब्दांत. शालीकरामजी पलीकडे भिंतीकडे तोंड करून बसले होते, पण शेवटी त्यांनी हात जोडले. त्याचा मी काही अर्थ काढत नाही.

माझा प्रश्न सुटला आहे असे नाही. घरी येऊन गुडघे टेकले आणि तोच विचारला. उत्तर आले नाही. रोज विचारते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी उमरावभाऊ गेले. शांतीबाईंचा हात त्यांच्या हातात होता, शालीकरामजी पायांशी होते. मी साडेसहाला पोचले.

आंघोळ दोघांनी मिळून घातली, बायकोने आणि भावाने. मी पाणी गरम करून बादल्या दिल्या.

चर्चचे नऊ जण आले. रामलालजीही आले, दारापाशी टोपी काढून उभे राहिले. स्वप्निल सरांनी शालीकरामजींना विचारले, दोन मिनिटे प्रार्थना केली तर चालेल का?

"करा बापा. त्याले ऐकाची सवय हाये," ते म्हणाले.

गावाकडे स्मशानात बायका जात नाहीत. शांतीबाईंनी ते कसे करायचे म्हणून विचारले तेव्हा शालीकरामजी म्हणाले, "तू घरी थांबशीन. मायच्या खोलीत. झाडून ठेवाले सांगतलं आहे मी." त्या घराच्या उंबरठ्याच्या आत शांतीबाईंचे पाऊल आजपर्यंत पडलेले नाही.

साडेनऊला गाडी निघाली. काय कोणाकडे दिले ते लिहून ठेवते.

शालीकरामजींच्या ताब्यात दिले: धाकटे भाऊ उमराव यांचा देह, धुतलेल्या धोतरात, डोक्यावर कोणतेही पाणी न पडलेला. डॉक्टरांच्या दाखल्याची मूळ प्रत. चष्मा, कारण तो असू द्या म्हणाले.

कब्रस्तान कमिटीकडे: काही नाही.

माझ्याकडे: घराची किल्ली, एक. मागच्या दाराची कडी आतून लावलेली आहे. शांतीबाईंनी ती गाडीच्या खिडकीतून माझ्या हातात दिली. मी विचारले, कधी याल? म्हणाल्या, "माहीत नाई, मॅडम."

बरे, म्हटले.